जा तू, मी आहे ना

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी लक्षात ठेवत नाही. ऑपरेशन झालेला माणूस सर्जनचं नाव जन्मभर घेतो, चारचौघांत त्याच्या हाताचं कौतुक करतो. पण तेवढा वेळ आपला श्वास कुणी सांभाळला, हे त्याला सांगता येत नाही. सांगणार कुठून, तो तर गाढ झोपेत असतो.

भूलवाल्या बाईंना याचं कधी वाईट वाटलं नाही. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत अशा या बाई ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या खाटेशी स्टूल ओढून बसायच्या आणि पोलिसानं करावी तशी चौकशी करायच्या. कवळी आहे का, जिना चढताना धाप लागते का, घोरता का. घोरण्याच्या प्रश्नावर पुरुष हटकून नाही म्हणायचे आणि शेजारी उभी असलेली बायको हटकून हसायची. एखादा थट्टेखोर पेशंट म्हणायचा, "बाई, भूल द्या, पण भूलथापा देऊ नका."

"त्या खात्याचा माणूस वेगळा आहे," असं म्हणून बाई सर्जनकडे बोट दाखवायच्या. मग हसणं ओसरलं की पेशंटचा हात धरून हलक्या आवाजात सांगायच्या, "तुम्ही नीट डोळे उघडून माझ्याशी बोलेपर्यंत मी तुमच्या उशाशी आहे. घाबरायचं कारण नाही."

ज्याच्याकडे बोट दाखवायच्या तो सर्जन म्हणजे दादा. मेडिकल कॉलेजात तो बाईंच्या पुढे होता. बाईंचे वडील गेले तेव्हा परीक्षा तोंडावर होती. दादानं त्यांना रोज वाचनालयात समोर बसवून अभ्यास करून घेतला होता. पुढे बाईंची लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली, तेव्हा काचेच्या पेटीतल्या त्या एवढ्याशा जिवासाठी धावपळ केली ती दादानंच. त्यानं स्वतःचं इस्पितळ काढलं त्या दिवसापासून बाई तिथं होत्या. दादाची बायको, म्हणजे बाईंची वहिनी, सगळ्यांना सांगायची, "या आमच्या घरच्याच." बाईंचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला तिरकं बोलायची खोड होती. तो म्हणायचा, "तुला सख्खा भाऊ नाही ना, म्हणून तुला हा जरा जास्तच सख्खा वाटतो." बाई ते हसण्यावारी न्यायच्या.

इस्पितळ वाढत गेलं. एका ऑपरेशन थिएटरची दोन झाली. बाहेरचे सर्जन आपापले पेशंट घेऊन यायला लागले. पूर्वी बाई एक पेशंट पूर्ण शुद्धीवर आणून, त्याच्याशी दोन शब्द बोलून मग हात धुवायला जायच्या. आता एक पेशंट बाहेर काढेपर्यंत दुसरा आत टेबलावर झोपलेला असायचा. ऑपरेशननंतर पेशंटला ठेवायची खोली म्हणजे पूर्वीची चादरी-उशांची कोठी. तिथं खाटा होत्या, ऑक्सिजन होता, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र होतं. नव्हतं ते फक्त तिथं बसणारं माणूस.

बाई दादाच्या मागे लागल्या होत्या. "या खोलीला एक कायमची सिस्टर दे. यंत्र दिवसभर वाजतंय, चिमटा सरकला तरी वाजतं, पेशंटनं हात हलवला तरी वाजतं. त्या आवाजाकडे आता कुणी मान वळवूनही बघत नाही. माणूस पाहिजे, दादा."

"देतो गं. पुढच्या महिन्यात नवीन मुली येतायत, त्यांतली एक तुझी."

पुढचे महिने येत गेले, मुलीही आल्या आणि वॉर्डात वाटल्या गेल्या. बाई कुरकुरायच्या आणि गप्प बसायच्या. इतक्या वर्षांच्या माणसाशी भांडायचं तरी किती, असं त्यांना वाटायचं.

त्या दिवशी सकाळी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं ऑपरेशन होतं. पित्ताशयात खडे झाले होते, दुर्बिणीतून ते काढायचे होते. माणूस धिप्पाड, मान आखूड आणि जाड. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "छे, मी कुठला घोरतो." बालवाडीत शिकवणारी त्याची बायको म्हणाली, "बाई, वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येतात. आणि मधेच श्वास थांबवून बसतात. मी कोपरानं ढोसते तेव्हा पुन्हा सुरू."

बाई हसल्या नाहीत. असा माणूस भुलेतून बाहेर येताना जीभ मागे पडून घुसमटू शकतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "याला मी नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळ्यांसमोर ठेवणार आहे," असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि मिस्त्रीला हात धरून आपलं नेहमीचं वाक्य सांगितलं.

ऑपरेशन उत्तम झालं. दादाचा हात साफ होता, त्यात शंका नाही. बाईंनी मिस्त्रीच्या घशातली नळी काढली, त्याला त्या खोलीत आणलं आणि हनुवटी वर उचलून धरत उशाशी उभ्या राहिल्या. हाक मारली की तो हुंकार द्यायचा आणि पुन्हा झोपेत बुडायचा. इतक्यात दुसऱ्या थिएटरमधून निरोप आला. मनगट मोडलेली एक बाई टेबलावर होती आणि बाहेरून आलेला हाडांचा सर्जन हातमोजे घालून ताटकळत होता. त्याला पुढं दुसऱ्या इस्पितळात जायचं होतं.

"सांगा त्यांना, थांबा म्हणावं," बाई म्हणाल्या. "याला अजून नीट जाग नाही."

निरोप पुन्हा आला, या वेळी जरा चढ्या आवाजात. तेवढ्यात दादा खोलीत आला. टोपी काढून केस पुसत होता. मोठ्या सिस्टर तिथंच सलाईन बघत उभ्या होत्या.

"काय झालं?"

"हा घोरणारा आहे, दादा. मी याला सोडून जाणार नाही."

"अगं, तो हाडवाला तिकडं थयथयाट करतोय. पुढच्या वेळी पेशंट घेऊन दुसरीकडे जाईल." दादानं स्टूल पायानं ओढलं आणि मिस्त्रीच्या उशाशी बसला. "मी बसतो. जा तू, मी आहे ना."

"उठायचं नाही हं."

"नाही उठत. हनुवटी धरायची कशी ते मलाही शिकवलंय कॉलेजात. जा."

बाई गेल्या. दाराशी वळून त्यांनी एकदा पाहिलं. दादाचा हात मिस्त्रीच्या हनुवटीखाली होता.

पुढं काय झालं ते बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. इस्पितळावर आणखी एक मजला चढवायचा होता आणि त्याचे नकाशे घेऊन आर्किटेक्ट खाली येऊन बसला होता. कुणीतरी येऊन ते दादाच्या कानावर घातलं. मिस्त्री शांत झोपलेला होता, यंत्रावरचा आकडा ठीक होता. दादा उठला. जाताना कुणाला काही बोलला नाही. मोठ्या सिस्टर त्याआधीच वॉर्डात गेल्या होत्या. यंत्र वाजलं असणार, पण ते दिवसभर वाजायचंच.

सिस्टर नवी बाटली लावायला परत आल्या तेव्हा मिस्त्रीचे ओठ काळेनिळे पडले होते. त्यांची हाक ऐकून बाई मनगटाच्या पेशंटला तिथल्या सिस्टरच्या हवाली करून धावत आल्या. तिचा फक्त हात बधिर केला होता, ती जागी होती. मिस्त्रीला पुन्हा नळी घातली, छाती दाबली, औषधं दिली. हृदय सुरू झालं. दादा जिना चढून धापा टाकत दाराशी आला आणि तिथंच भिंतीला धरून उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण तेव्हा बोलायला सवड नव्हती.

मिस्त्री वाचला. वाचला म्हणजे जिवंत राहिला. अतिदक्षता विभागातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांना कंप होता, चालताना तोल जायचा, आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. लिफ्टच्या टपावर उभं राहून नखाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस शर्टाचं बटण लावता न आल्यानं रडायला लागायचा.

बाईंना त्याच्या बायकोपाशी जाऊन बसायचं होतं. सगळं सांगायचं होतं. दादानं अडवलं. "वकिलांशी बोलल्याशिवाय एक अक्षर नाही. विमा कंपनीची अट आहे. आपण चूक झाली म्हणालो तर ते हात वर करतील. आपण एकाच बोटीत आहोत, मी बघतो सगळं." पुन्हा तेच 'मी'. पण बाईंना तेव्हा ते खटकलं नाही. उलट धीर आला.

वकीलसाहेब मोठे सौम्य गृहस्थ होते. दादाच्या केबिनमध्ये त्यांनी बाईंना चहा मागवला, स्वतःच्या हातानं बिस्किटांची बशी पुढं केली. "माझ्याशी मोकळेपणानं बोला. वकिलापासून काही लपवायचं नसतं." बाई कितीतरी दिवस मनात साठवून होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्रीचं घोरणं, हाडांच्या सर्जनची घाई, दादाचं स्टूलवर बसणं. आणि शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "काही झालं तरी मी जायला नको होतं."

वकीलसाहेबांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

मिस्त्रीच्या बायकोनं वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. चौकशी समितीपुढं दोघांना बोलावणं आलं. लांबलचक टेबलापलीकडं तीन वयस्क डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. आधी दादाला विचारलं. तो नेहमीसारखाच शांत, स्पष्ट आवाजात बोलला.

"ऑपरेशन संपल्यावर पेशंट भूलतज्ज्ञाच्या ताब्यात असतो. तो शुद्धीवर येईपर्यंत जबाबदारी त्यांची. मी खोलीत डोकावलो होतो. सगळं ठीक दिसलं म्हणून माझ्या कामाला गेलो."

"तुम्ही पेशंटजवळ थांबतो असं म्हणाला होतात का?"

"नाही. असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही."

बाईंना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. त्यांनी दादाकडे पाहिलं. तो पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. मग वकीलसाहेब उठले आणि म्हणाले की भूलतज्ज्ञ बाईंनी स्वतःच आपल्यापाशी कबूल केलंय, 'मी जायला नको होतं' हे त्यांचेच शब्द आहेत.

"ते मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही आमचे वकील."

"मी इस्पितळाचा वकील आहे, मॅडम," ते तितक्याच सौम्यपणे म्हणाले. "तुमचा वकील तुम्ही नेमायला हवा होता."

मोठ्या सिस्टरांना आत बोलावलं तेव्हा बाईंना आशा वाटली. त्या बाईंच्या बरोबरीनं उभं आयुष्य त्या थिएटरमध्ये उभ्या होत्या. त्या वेळीही तीन हातांवर होत्या. त्यांनी पदराशी चाळा करत सांगितलं, "मी सलाईन बघत होते. डॉक्टर लोक काय बोलले ते माझ्या कानावर आलं नाही." बाहेरच्या व्हरांड्यात त्या बाईंना ओलांडून भराभर निघून गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, घरात माझा एकटीचाच पगार आहे. समजून घ्या."

"समजलं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना खरंच समजलं होतं. पण तेवढ्यानं आत जे तुटलं होतं ते सांधलं गेलं नाही.

नवऱ्यानं त्या दिवशी तिरकं काही म्हटलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "आता?"

"आता मी तिला भेटायला जाते," बाई म्हणाल्या. "आधीच जायला हवं होतं."

मिस्त्रीचं घर चाळवजा इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. बायकोनं दार उघडलं आणि बाईंना ओळखलं. आत या असं काही तिनं म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. मिस्त्री खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्याच्या मांडीवर लाकडी ठोकळ्यांची पेटी होती, बालवाडीतली. बोटांच्या व्यायामासाठी बायकोनं ती आणली असावी. त्यानं बाईंकडे पाहून ओळखीचं हसू आणलं. ते सगळ्यांसाठीच होतं.

बाई चपला काढून उंबऱ्याजवळच उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. काही गाळलं नाही. दादा काय म्हणाला, त्या काय म्हणाल्या, समितीपुढं कोण काय बोललं. बायको शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली,

"म्हणजे तुम्हाला फसवलं."

"हो."

"आणि आम्हाला? तुम्ही यांचा हात धरून सांगितलं होतंत, डोळे उघडून बोलेपर्यंत मी उशाशी आहे. मी शेजारीच होते. मला दादा-बिदा कुणी माहीत नव्हता. मी तुमच्या शब्दावर बाहेर बाकावर जाऊन बसले."

समितीच्या खोलीपासून त्या स्वतःला फसवली गेलेली बाई म्हणून बघत होत्या. या दारात उभं राहून त्यांना कळलं की या घरात दादाची आणि त्यांची रांग एकच आहे.

"तक्रार मी मागे घेणार नाही," बायको म्हणाली. "तुमच्यावरचीही नाही."

"घेऊ नका," बाई म्हणाल्या. "मी त्यासाठी आले नाही."

पुढच्या सुनावणीच्या आधी दादाचा फोन आला. आवाज तोच, वडीलधारा. "ऐक जरा. तुझा विमा आहे, तुला फार काही होणार नाही. माझ्यावर आलं तर इस्पितळ बंद पडेल. किती घरं चालतात त्यावर. तू जरा सोसलंस तर सगळं निभावेल. मी तुझ्यासाठी काय काय केलंय, मोजायला लावू नकोस."

लेकीच्या त्या काचेच्या पेटीशी उभा असलेला दादा बाईंना आठवला. तो खोटा नव्हता. तोही खराच होता, आणि हेच त्यांना गिळता येईना.

"वहिनींना नमस्कार सांगा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दादाला अहोजाहो केलं होतं.

समितीपुढं बाईंनी वकील नेमला नाही. उभ्या राहून म्हणाल्या, "मी पेशंटला अर्धवट शुद्धीत सोडून गेले. तो धोक्याचा आहे हे मला माहीत होतं, तरी गेले. जायला नको होतं, हे माझे शब्द आहेत आणि ते खरे आहेत. सर्जन थांबतो म्हणाले आणि थांबले नाहीत, हेही खरं आहे. त्या खोलीसाठी माणूस मी किती वेळा मागितला, ते इस्पितळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी मागत राहिले, पण त्याशिवाय काम करणार नाही असं कधी म्हणाले नाही. लिहून घ्यायचं तर सगळं लिहून घ्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "थांबतो म्हणाल्याचा काही पुरावा?"

"नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती."

निकाल लागला तो पुरावा धरून. बाईंना काही काळ काम करायला बंदी. दादाला समज, आणि इस्पितळानं त्या खोलीत कायमची सिस्टर नेमावी असा आदेश. मिस्त्रीच्या घरच्यांना विमा कंपनीनं भरपाई दिली. इस्पितळाच्या दारावरच्या पाटीवरून बाईंचं नाव उतरलं. वहिनींचा फोन पुन्हा कधी आला नाही.

बंदी संपल्यावर बाई सरकारी दवाखान्यात लागल्या. तिथं गर्दी जास्त, सोयी कमी, पण एक पेशंट नीट जागा झाल्याशिवाय त्या दुसऱ्याला हात लावत नाहीत. सर्जन चिडतात. पाठीमागं त्यांना खडूस म्हणतात. पेशंटला आता त्या कसलंही वचन देत नाहीत. कुणी 'मी बघतो, तुम्ही जा' म्हटलं तर त्या तिथल्या तिथं, चार लोकांदेखत, त्याच्याकडून लिहून आणि सही करून घेतात. नवीन पोरं याला हसतात.

एकदा मिस्त्रीच्या बायकोचा फोन आला. त्याची दाढ काढायची होती आणि भूल द्यावी लागेल असं दातांचे डॉक्टर म्हणत होते. "त्यांना काय काय विचारू, तेवढं सांगा." बाईंनी एकेक मुद्दा सावकाश सांगितला, तिनं तो पुन्हा म्हणून दाखवला. 'तुम्ही या' असं ती म्हणाली नाही. मी येऊ का, असं बाईंनीही विचारलं नाही.

दादा त्यांना भेटला तो मागच्या वर्षी, डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात. बाई तपासणी करून बाहेर पडत होत्या, तो गाडीतून उतरत होता. केस पांढरे झाले होते. बाईंना पाहून तो थबकला नाही, चपापला नाही. सरळ जवळ आला.

"काय गं, किती वाळलीस. जेवतेस की नाही?"

"जेवते की, दादा."

"आणि लेक? नोकरीला लागली म्हणे. शाब्बास. आण एकदा घरी." पाठीवर थोपटल्यासारखं करून तो आत गेला.

नवरा गाडीत वाट बघत बसला होता. बाई शेजारी येऊन बसल्या आणि पट्टा लावला. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "मी त्याला दादा म्हटलं. सरळ उत्तरं दिली. जशी काही मधली वर्षं झालीच नाहीत."

"सवय असते," नवरा म्हणाला.

"एकच विचारायचं होतं इतकी वर्षं. दुसरं काही नाही. का उठलास, एवढंच."

नवऱ्यानं गाडीचा वेग कमी केला. "मग फिरवू का मागे? असेल अजून तिथंच."

बाईंनी खिडकीची काच वर केली.

"नको," त्या म्हणाल्या. "तो विचारेल, कुठून उठलो?"